रुमालाखाली

आण्णा हळदीच्या सौद्यात रुमालाखाली बोटं धरायचे.
बघणाऱ्याला वाटावं, दोन माणसं हात हातात घेऊन
उगीच उभी आहेत.
आत करंगळीच्या पेरावर भाव ठरायचा.
घरी विचारलं, आज कितीला गेली?
तर म्हणायचे, रुमालाला विचार.

मी म्युच्युअल फंड विकते. विश्रामबागेत, पहिला मजला,
खाली चष्म्याचं दुकान.
आमच्या धंद्यात रुमाल नाही, असं मी सगळ्यांना सांगते:
दर महिन्याला यादी येते, कुठला शेअर, किती टक्के,
सगळं उन्हात पसरलेलं
शिजवलेल्या हळकुंडांसारखं.

परवा मुंबईहून मॅनेजर आले. देवव्रत कारखानीस.
हॉटेलात पडदा, कॉफी, बश्यांतून भडंग.
दहा वर्षांची रेघ वर वर गेली,
आयर्विनच्या खांबावर पाणी चढावं तशी, फुटाफुटानं.
आमच्याकडे अशी रेघ दिसली
की लोक सामान माळ्यावर टाकतात.
शेवटची बारीक अक्षरं त्यांनी एका श्वासात वाचली.

तेव्हा बिरनाळेबाई उठल्या. गणिताच्या, निवृत्त.
"या दहा वर्षांत तुम्ही किती?"
"म्हणजे?"
"निकाल दिसला. मास्तर कधी रुजू झाले?"

तीन वर्षं, ते म्हणाले. कान लाल झाले, पण सांगितलं.
आधीची सात दुसऱ्या कुणाची.
तो आता स्वतःचा फंड चालवतो,
कोटीच्या खाली दार उघडत नाही,
यादी नाही, रेघ नाही.
फार हुशार आहे म्हणतात.
किंवा सात वर्षं वारा पाठीशी होता.
रुमाल गेला कुठे, ते मला तेव्हा कळलं.

हरिपूरला पेव उघडताना
आण्णा आधी दोरीला बांधून कंदील सोडायचे.
विझला तर कुणी उतरायचं नाही.
हळद कशी निघेल हे कंदिलाला कुठलं कळायला,
आत श्वास घेता येईल, एवढंच.
यादीचंही तेवढंच असावं.

जिन्यात बाईंनी माझा दंड धरला.
"आणि माझ्या पैशात तुझं किती?"
पंधरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
स्टेटमेंटवर असतं, म्हणाले, चौथ्या पानावर.
हात कधी पदराखाली गेला कळलं नाही,
अंगठा पेरं मोजत होता.
बाहेर काढला.
लाखामागे आठशे, वर्षाला,
तुम्ही पैसे ठेवाल तोवर.

त्यांनी तोंडातल्या तोंडात गुणाकार केला.
"बरं," म्हणाल्या,
"भडंग उरलंय का बघ. पुडीत बांधून दे."