विरजण

यूबू बेटावर ओहोटी लागली की
कमरेला दोर, दोराला लोखंडी पातं बांधून
ओक-बुनबाई उलट्या चालत चिखल ओढतात.
टक्क वाजलं की शिंपला.
मी सुलटी चालते, खाली बघत,
पाखरांची विष्ठा वेचत.
"तुझा धंदा माझ्याहून हलका," त्या हसतात.
हलकाच. तांदळाच्या दाण्याएवढा ऐवज,
कुपीत भरायचा, वर तारीख, वेळ,
आणि लगेच बर्फात.

पाणटिवळे परवा पहाटे उतरले.
न्यूझीलंड सोडल्यापासून आठ रात्री
पाय कुठे टेकला नाही.
निघण्याआधी आतडंसुद्धा आखडून घेतात,
दोन खोल्यांना कुलूप लावून
घरानं एकीतच निजावं तसं.
मग आतल्या बिऱ्हाडांचं काय?
त्या कोट्यवधी बिनडोळ्यांच्या भाडेकरूंना
खाली समुद्र आहे हे कळत असेल?
उपाशी मालकासोबत कितीजण तगले असतील

पहिल्या दिवसाची कुपी आणि बाराव्या दिवसाची
एकमेकींना ओळख देत नाहीत.
हे-रिम पडद्यावर पट्ट्या दाखवते:
जांभळा ओसरला, हिरवा पसरला,
तळाशी केसाएवढी पिवळी रेघ मात्र
दोन्हीकडे तीच.
"ही कोण?"
"नाव नाही अजून," म्हणाली,
आणि गार झालेल्या नूडल्सकडे वळली.

ओक-बुनबाईंना याचं नवल नाही.
अंगणातल्या रांजणाकडे त्यांनी हनुवटी केली.
थंडीत मुरलेली किमची वेगळी,
उन्हाळ्यात घातलेली वेगळी.
रांजण तोच, हात तेच.
"आत कोण नांदायला येतं, ते हवा ठरवते."
मला विरजण आठवलं.
तो शब्द त्यांच्या भाषेत सापडेना, तेव्हा
रिकाम्या वाटीच्या कडेला
मी बोटानं नसलेलं दही फासून दाखवलं.
"हं," म्हणाल्या, "कालचं थोडं, उद्यासाठी."

मग बराच वेळ शिंपले धूत राहिल्या.
मुलगा उल्सानला, जहाजांच्या कारखान्यात.
वर्षातून एकदा येतो.
पहिले तीन दिवस त्याला घरचं कालवण बाधतं.
चौथ्या दिवशी दोन वाट्या मागून घेतो.
पाचव्या दिवशी त्याची गाडी असते.

मे महिन्यात थवा अलास्काकडे उठला.
शेवटची कुपी भरायला मी धावले,
तर भरती माझ्याआधी पोचलेली.
हातात नुसतं झाकण,
त्यावर आजची तारीख.