लोड किती

परभणीच्या दुकानात मुंदडाशेठ विचारतात,
लोड किती?
मी पिशवीतनं वहीचं पान काढते:
सेटर दोन, हॅचर एक,
पंखे, ओलाव्याची मोटर,
आणि तो बल्ब,
ज्याच्यावर अंडं धरून बघते
जीव धरलाय का नाही.

मोटर सुरू होताना तिप्पट ओढते, ते म्हणतात,
पाच केव्हीए घ्या, ताई. डिझेल.
पेट्रोलचं रात्रभर दमत नाही.

रात्रभर म्हणजे काय ते मला विचारा.
मागच्या पौषात सेलूची लाइन अकरा तास गेली.
विसाव्या दिवसाची बाराशे अंडी.
गोधड्या टाकल्या, गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या,
उजाडल्यावर एकेक कानाला लावत बसले.

शेठ पिवळ्या पेटीजवळ नेतात.
सायलेंट. हात ठेवा, चालू आहे.
खरंच कळत नाही.
लोभाजी खूश: शेजारी भांडणार नाहीत.

मी कोपऱ्यातलं उघडं, काळं दाखवते.
ते? ते मळणीयंत्रासारखं बोंबलतं, ताई.
बोंबलू द्या.
लाइन गेली, हे लागलं,
एवढं मला झोपेत कळलं पाहिजे.
त्या रात्री मी कशानं जागी झाले, सांगू?
काहीच वाजत नव्हतं.

वाचलेल्या पैशात त्याच्यावर पत्र्याचं छप्पर,
शेजारच्या कौतिकबाईला दर खेपेला सहा पिल्लं,
आणि कानात घालायला कापूस.
कापूस काय, घरचाच आहे.