गाडीची काच

मंगळवारची रात्र, दुलुथचं कॉलेज, खोली दोनशे चौदा.
रेडिएटर म्हाताऱ्यासारखा खोकतो आहे.
अकरा विद्यार्थी, अकरा निबंध,
आणि त्यातल्या सात निबंधांत
मानवजात आदिम काळापासून काही ना काही करत आली आहे.

मी म्हणते, आदिम काळाला झोपू द्या बिचाऱ्याला.
तुम्ही चार पानं लिहिताय बर्फ उपसणाऱ्या यंत्रावर.
यंत्रापासून आठ फुटांवर उभे राहा.
तिथून बोला.
पा हौआ हात वर करते: आठच का?
खरं तर मला माहीत नाही. सातही चालतील.

मार्लिसनं सुरुवातीलाच शब्दकोश उघडलाय:
धैर्य म्हणजे अमुक, धैर्य म्हणजे तमुक.
पंचवीस वर्षं तिनं इस्पितळात रात्रपाळी केली.
शब्दकोशानंच खरं तर
तिच्याकडे येऊन विचारायला हवं होतं.

डेल्फीनच्या कागदावर पहिल्या परिच्छेदात
तिचं नाव, तिचं क्रौंच कुळ,
फाँड डू लाकमधलं घर, आईच्या आईचं नाव,
आणि मग कुठे रानतांदळाचं तळं, होडी, काठ्या.
मी लाल रेघ ओढली होती: मुद्द्यावर ये.
मधल्या सुट्टीत ती कागद घेऊन आली.
आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली,
हे काढलं तर पुढचं सगळं कोण बोलतंय?
लाल शाई खोडरबरानं जात नाही.
मी प्रयत्न करून पाहिला; कागद फाटला.

आणि शेवट! शेवटाची तर तऱ्हाच वेगळी.
पहिलाच परिच्छेद कोट बदलून परत येतो,
दारात उभा राहतो आणि म्हणतो,
थोडक्यात सांगायचे तर.

मी विचारते, तुमच्याकडे पाहुणे कसे उठतात?
सगळे हसतात. इथे कोणाचाच पाय पटकन निघत नाही.
आधी गुडघ्यावर थाप: चला तर मग.
मग पंधरा मिनिटं दारात, बूट घालता घालता.
मग अंगणात. मग गाडी सुरू होते,
आणि काच खाली करून माणूस सांगतो
की सोमवारी तपासणीचा रिपोर्ट येणार आहे.
तेवढंच सांगायला आला होता तो,
सबंध संध्याकाळ केक खात बसला होता.
ते काचेतलं वाक्य, मी म्हणते, ते लिहा.
पा हौआ वहीत लिहून घेते: काच.

वेंडेल हाउगेन, वय एकसष्ट,
तीस वर्षं खनिजाच्या गोदीवर होता.
विषय: गोदीचे महत्त्व.
शेवट: अशा प्रकारे गोदी महत्त्वाची आहे.

रात्री नऊ वाजता बाहेर उणे एकोणीस.
न विचारता त्यानं माझ्या गाडीवरचा बर्फ खरवडला,
आधी पुढचा, मग मागचा, आरशांवरचासुद्धा.
मग खिडकीशी वाकला.
'बोटीचा भोंगा वाजला की बायको
अजून स्वयंपाकघरातला दिवा लावते.
मी घरी यायचो तेव्हा लावायची तसा.
निवृत्त होऊन सहा वर्षं झाली मला.
तिथंच टेबलाशी बसलेला असतो मी.'

मी म्हटलं, वेंडेल, हे लिही.
तो म्हणाला, ह्याचा गोदीशी काय संबंध?
आणि हातमोजे चढवून निघून गेला.

सत्राचा शेवटचा आठवडा. निबंध पुन्हा हातात.
अशा प्रकारे गोदी महत्त्वाची आहे.
दिवा माझी बायको लावते.
संपलं. मध्ये ना आणि, ना म्हणून, ना परंतु.

सवयीनं समासात लिहिलं: इथे सांधा हवा.
खाली बंदरात कुठलीशी बोट
पूल वर उचला म्हणून भोंगा देत होती,
एक लांब, दोन आखूड.
मी ऐकत बसले.
मग समासातलं वाक्य गिरवून काळं केलं.

ब-अधिक दिलं त्याला.
बहुधा कमी दिलं.