खांब क्रमांक चार

मागच्या खेपेला सांडलं ते
अजून आहे तिथेच, राणेनगरच्या आमच्या पार्किंगमध्ये,
खांब क्रमांक चारजवळ.
पावडर टाकली, रॉकेल टाकलं, राख टाकली.
डाग फिका झाला नाही, उलट रुंदच होत गेला.
बोरस्ते अण्णांनी मीटिंगमध्ये विषय घेतला:
'त्या व्हॅनवाल्या बाई'.
इतिवृत्तातही तसंच लिहिलं, निळ्या शाईने.

म्हणून आज. रविवार, डिसेंबर,
पेपरात निफाडचा पारा, माझ्या बोटांत तोच.
गार इंजिनातलं ऑईल काकवीसारखं, हलत नाही.
पाथर्डी गावापर्यंत एक चक्कर मारून आणली गाडी,
रिकामी, एकही पोर नाही,
तरी सिग्नलला मागे वळून बघितलं,
सगळे बसलेत का.

पुढची चाकं फळ्यांवर चढवली, मागच्यांना विटा.
खाली द्राक्षांच्या पेट्या उकलून अंथरल्या, पिंपळगावच्या,
एकीच्या कोपऱ्यात वाळका मणी चिकटलेला.
पाच लिटरचा कॅन आडवा कापून ठेवला घमेल्यासारखा.
नट शेवटचे दोन आटे बोटाने फिरवला,
आत दाबत, दाबत,
मग हात एकदम बाजूला.

काळी धार.
तिडके कॉलनी, त्रिमूर्ती चौक, परत तिडके कॉलनी,
विसरलेल्या डब्यासाठी घेतलेले यू-टर्न,
सीटच्या फटीत सापडलेला एक दुधाचा दात
(कोणाचा, कोणीच कबूल झालं नाही),
सगळं त्या धारेत असावं.
मी बघत राहिले ती सुतासारखी होईपर्यंत.
मग थेंब. मग बराच वेळ थेंब.

आता फिल्टर. मागे इथेच चुकले होते,
घाई होती, दुपारची शाळा सुटायची होती,
सुटला तसा मनगटावरून कोपरापर्यंत,
कोपरावरून फरशीवर.
दगू मिस्त्री असते तर म्हणाले असते,
'ऑईल पडत नाही पोरी, आपण पाडतो.'

आज आधी आट्याची पिशवी चढवली त्याच्यावर,
थंडीत पोराला टोपी घालतात तशी, कानांसकट.
पिशवीतूनच धरला.
अर्धा फेरा सैल केला आणि थांबले,
उताणी, मान वाकडी.
वर कुणीतरी मिक्सर लावला, बंद केला, पुन्हा लावला.
तेवढ्यात उतरायचं ते उतरलं.
मग तो अलगद आला हातात, कोमट, जड,
झोपलेलं मूल उतरवून घेतात तसा.
पिशवीला गाठ.

जुनं रबर त्याच्यासोबतच आलं ना, ते पाहिलं.
मागे राहिलं तर नव्यावर जुनं बसतं,
आणि मग डाग नव्हे, तळं.
नव्याच्या रबरावर ताजं ऑईल फिरवलं बोटाने.
हाताने घट्ट. पुढे पाऊण फेरा.
पान्याला हात नाही.
'पान्याने आवळलंस तर पुढच्या वेळी रडशील.'
मिस्त्री गेले त्याला तीन वर्षं झाली,
अंबडच्या त्या शेडमध्ये आता झेरॉक्सचं दुकान आहे,
पण पुढची वेळ येतेच.

ऑईल भरलं, गाडी चालू केली, खाली वाकले.
फिल्टर कोरडा. पेट्या कोरड्या.
फक्त माझ्या कोपरावर एक ठिपका, तोही माझाच.
जुनं ऑईल कॅनमध्ये, झाकण घट्ट,
उद्या भंगारवाल्याकडे. नासर्डीला नाही.

अण्णा आले, मफलर, हातात मोबाईलचा टॉर्च.
वाकून बघितलं. पुन्हा बघितलं.
'व्हॅनवाल्या...'
'कुंदा गांगुर्डे,' मी म्हटलं.
ते उभेच राहिले. टॉर्च बंद करायला विसरले.
मग हळूच, इकडेतिकडे बघत:
'आमची स्कूटर जरा ठिबकतेय. गेली दोन-तीन वर्षं.'

स्कूटर खांब क्रमांक चारलाच टेकलेली.

मी काहीच बोलले नाही.
एक पेटी कोरी राहिली होती, मणी चिकटलेली.
ती उचलली
आणि स्कूटरखाली सरकवली.