कोल्हा म्हण

मासेरूहून आलेलं चित्र भिंतीला चिकटेना,
दगडी झोपडीत ओल होती.
मजकूर मी सेसोथोत आणला होता:
विषाणू, म्हणजे रक्तातला बारीक किडा.

सेखोबेने ब्लँकेटातून हात काढला.
"किडाच ना? मग खरजेल्या मेंढ्यांसारखं
बुडवा आम्हाला औषधाच्या हौदात.
मान धरून. एकदाच."
मेंढपाळ हसले. मीही हसले.
मग गप्प झाले सगळे.
त्याचा भाऊ गेल्या हिवाळ्यात
रात्री एकटाच उतरला होता
त्या हौदात.

चित्राची मी गुंडाळी केली.
चुलीत गोवरी सरकवत माखौहेलो म्हणाली,
"कोल्हा म्हण.
डोंगरातला कोल्हा कधी संपतो का?
रोज संध्याकाळी वाड्याचं फाटक लावायचं.
चार संध्याकाळी विसरलीस
की मोज मेंढरं."

गोळी म्हणजे फाटक.
वहीत लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं.

निघताना, बाहेर बर्फात, सेखोबे हळूच:
"फाटक नीट लागलं,
तर बायकोजवळ निजता येईल?"
"दवाखान्यात रक्त देऊन बघ
लागलंय का. लागलं असेल, तर येईल."

ब्लँकेटाची पिन त्याने काढली,
पुन्हा लावली,
बोटाने चाचपून पाहिली.