शीळ

फाटकावर पाटी: कृपया मागे फाटक लावा.
वर वेल्शमध्ये, खाली इंग्रजीत,
आणि त्याच्याही खाली कुणा पोराने खडूने काढलेली मेंढी.
पाय मोजले तर पाच.

माणशी नऊ पौंड. गमबूट तेच देतात.
माझ्या वाट्याला आले एका नंबराने मोठे,
म्हणून दिवसभर मी त्या डोंगरावर चालले
दुसऱ्याच कुणाच्या तरी पावलांनी.

इद्वल प्रॉथेरो वय सांगत नाही,
त्याचे गुडघे सांगतात.
तो मेंढ्यांशी वेल्श बोलतो, बायकोशी वेल्श,
देवाशी, ट्रॅक्टरशी, दाढदुखीशी वेल्श.
फक्त कुत्र्याशी इंग्रजी.
"आमच्या बापाने पहिली कुत्री सरहद्दीपलीकडून आणली.
तिला तेवढीच भाषा येत होती.
तेव्हापासून या घरात हुकूम परक्या भाषेत
आणि कौतुक आपल्या."

मॉट त्याच्या टाचेशी. एक कान उभा, एक मोडलेला.
आम्हा बाराजणांना त्याने एकदा नजरेने मोजून घेतलं
आणि सोडून दिलं.

शीळ. लांब, शेवटी खाली उतरणारी.
मॉट निघाला. पळाला म्हणणं चूक होईल,
डोंगराच्या कडेने कुणी सावकाश रेघ ओढावी,
तसा गेला, लहान होत होत, एक ठिपका.
वर दगडी भिंतीलगत साठेक मेंढ्या
सांडल्यासारख्या पसरलेल्या, पाठीवर निळ्या रंगाचा डाग.
आधी त्यांनी डोकी वर केली.
मग एकमेकींकडे पाहिलं.
मग एकाएकी त्यांना आठवलं
की त्या एकच आहेत.

एकीला नाही आठवलं.
ती मागे राहिली, वळली, पुढचा पाय आपटला.
मॉट पोटावर बसला. भुंकला नाही.
"भुंकणाऱ्याचं इथे काम नाही," नेस्त म्हणाली,
इद्वलची नात, काखेत दुधाची बाटली,
बाटलीमागे धावणारं पोरकं कोकरू.
बराच वेळ त्या दोघांत काहीच घडलं नाही
आणि ते काहीच न घडणं
आम्ही श्वास रोखून पाहत राहिलो.
मग मेंढीने मान वळवली,
तिला तसंही तिकडेच जायचं होतं, अशी.

मँचेस्टरहून आलेल्या पोराने विचारलं,
या सगळ्यांना नावं आहेत का?
"कुत्र्याला नाव असतं," इद्वल म्हणाला,
"मेंढीला बुधवार असतो."
पोराला कळलं नाही. आईला कळलं.
तिने त्याची टोपी उगाच सरळ केली.

चहा स्वयंपाकघरात. केकला हाताचा वास, हाताला लोकरीचा.
शेगडीपाशी फ्लॉस, चौदा वर्षांची,
दोन्ही कान गेलेले, एका डोळ्यात दूध गोठल्यासारखं.
पाच वाजले तशी ती उठली,
घड्याळाकडे न बघता दाराशी जाऊन उभी राहिली.

मागच्या लहान रानात तीन म्हाताऱ्या मेंढ्या,
दात पडलेल्या,
बुधवार चुकवून राहिलेल्या.
फ्लॉसने वळसा घेतला, ताटाएवढा,
अर्ध्यात दमली, बसली, पुन्हा उठली.
इद्वल कुंपणाला टेकला. दोन बोटं ओठांत.
तीच शीळ. लांब, शेवटी खाली उतरणारी.

मी म्हटलं, पण तिला ऐकू येत नाही ना?
"तिला नाही," तो म्हणाला.

तिन्ही मेंढ्यांनी माना वर केल्या,
वळल्या, आणि एकीमागून एक
फाटकाकडे चालू लागल्या, घाई न करता.
शेवटची मध्येच थांबून मागे बघायची,
फ्लॉस येतेय ना.

सगळ्या आत आल्यावर इद्वलने फाटक लावलं
आणि वेल्शमध्ये हळूच काहीतरी म्हणाला.
कुत्रीला, की मेंढ्यांना,
ते मला समजलं नाही.