राखीव गोलकीपर

सात सामने. सहा हरलो,
आणंदला एक बरोबरी, तीही
त्यांची बस उशिरा पोचली म्हणून, असं मकवाणा म्हणतो.

मी बाकावर. हातमोजे
आईने मंगळ बाजारातून घासाघीस करून आणलेले,
किमतीची चिठ्ठी अजून आत.
गोल बसला की चोरघडे सर म्हणायचे, 'चालशे',
आणि वहीत रेघ ओढायचे.

शेवटच्या सामन्यात, अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला
परमारचं बोट मुरगळलं.
सरांनी मानेनेच सांगितलं, ऊठ.

चार मिनिटं.
चेंडू आमच्याकडे फिरकलाच नाही.
फाटक्या जाळीतून एक कुत्रं आत आलं,
माझ्या पायाशी बसलं,
दोघांनी मिळून लांबचा खेळ बघितला.

शिट्टी झाली. खांबापाशी वाकून
मी दोन्ही तळवे मातीत घासले,
नीट, बोटांच्या बेचक्यांतही.
आईला धुवायला काहीतरी हवं.